पोहण्याच्या रकान्यातली रेघ

मीनाचा फोन आला तेव्हा मी भरारी पथकाच्या गाडीत होते. बारावीचा गणिताचा पेपर होता आणि चांदूर रेल्वेच्या पुढच्या एका केंद्रावर आम्ही न कळवता जाणार होतो. "ताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. त्यावर मी विचारलं, "कोणी सांगितलं? डॉक्टरांनी, की तिथे जमलेल्यांनी?" ती म्हणाली, "डॉक्टरांनी, ताई. मोठ्या डॉक्टरांनी." मी गाडी वळवायला सांगितली. सत्तावीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं बाकांखालून, बुटांतून, पाण्याच्या बाटल्यांच्या कागदामागून कॉप्या काढल्या की माणूस असाच होतो. कुठलीही गोष्ट पहिल्यांदा ऐकली की मी ती कोण सांगतंय ते बघते.

गेले ते माझे धाकटे दीर, दिगंबर. वय एकोणपन्नास. आम्ही अमरावतीला, ते अकोल्याला. जठारपेठेत त्यांचं चष्म्याचं दुकान. त्या सकाळी दुकानात एका बाईंना अक्षरांचा तक्ता वाचायला लावला होता, दुसऱ्या ओळीवर बाई अडखळल्या म्हणून सांगायला पुढे झाले आणि काउंटरवर डोकं टेकलं ते टेकलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. अंत्यविधीला आलेले निम्मे लोक एकमेकांना हळूच सांगत होते, या वयात एवढा व्यायाम, दुसरं काय होणार. मला ते पटेना. मी दोन डॉक्टरांना विचारलं. दोघेही म्हणाले, व्यायामाचा संबंध नाही, हे कोणालाही झालं असतं. दोघांची वाक्यं इतकी सारखी होती की तेवढ्यावरूनही मला थोडा संशय आला. मग मीनाकडून कागद मागितले. शर्यतीआधी त्यांनी हृदयाची तपासणी करून घेतली होती, तो रिपोर्ट मी दोनदा वाचला, नाव आणि वय जुळतं का ते पाहिलं. सगळं ठीक होतं. तेराव्याच्या आत कागद तपासत बसलेल्या जावेला मीना काहीही म्हणाली असती तरी चाललं असतं. तिने फक्त चहा आणून ठेवला.

शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. आधी समुद्रात एकोणीसशे मीटर पोहायचं, बाहेर येऊन नव्वद किलोमीटर सायकल मारायची, ती ठेवून एकवीस किलोमीटर धावायचं, आणि हे सगळं ठरलेल्या वेळेत, मध्ये न थांबता. सत्तेचाळिसाव्या वर्षी भाऊजींनी हे डोक्यात घेतलं तेव्हा मी सरळ विचारलं होतं, "काहून? कोणाशी पैज लावली का?" ते म्हणाले, "नाई वैनी. दिवसभर लोकाईच्या डोळ्यात पाहून राहिलो. त्याच्या पलीकडं काही हाय का नाई, थे एकदा पाहाचं हाय." उत्तर चांगलं होतं, म्हणजे आधीच तयार केलेलं असणार असं मला वाटलं. खरी अडचण वेगळी होती. हा माणूस पाण्याला भीत होता. आमची वरूडला संत्र्याची बाग आहे, बागेत मोठी गोल विहीर आहे, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा घरातली सगळी तरणी मंडळी तिच्यात उड्या मारायची. भाऊजी मात्र दहा पावलं लांब, झाडाखाली. आठ वर्षांचे असताना पाय घसरून आत पडले होते, गड्याने केस धरून वर काढलं होतं. तेव्हापासून बादली ओढायलासुद्धा काठावर जात नसत. सायकल शिकेल, धावेलही, पण हा पोहणार कसा?

सायकलवर माझा विश्वास बसायलाही वेळ लागला. महिन्यातून एका रविवारी ते पहाटे अकोल्याहून निघून आमच्याकडे अमरावतीला यायचे. शंभर किलोमीटर. नऊ-साडेनऊला दारात हजर. मी म्हटलं, अकोल्याला रेल्वेत सायकल टाकायची, अमरावतीच्या अलीकडे बडनेऱ्याला उतरायचं आणि उरलेलं अंतर दामटत यायचं, कोणाला काय कळतंय? म्हणून मी बारीकसारीक विचारायची. मूर्तिजापूरला चहा कुठे घेतला, पुलाचं काम कुठवर आलं, कापसाच्या गाड्या होत्या का. त्यांनी यातून एक रिवाजच पाडला. आले की सायकल भिंतीला टेकवायची, पाण्याचा तांब्या घेण्याआधी पाठ माझ्याकडे करायची आणि सायकलच्या शर्टाच्या पाठीवरचे तिन्ही खिसे उलटे करून दाखवायचे. "घ्या वैनी झडती. तिकीट सापडलं त जेवाले देऊ नका." माझे यजमान हसायचे. मी खरंच बघायची. एक केळ्याची साल, घामाने ओला झालेला रुमाल, एखादं गुळाचं पुडकं. तिकीट कधी सापडलं नाही. मग सहा पोळ्या, वांग्याची भाजी, आणि अर्धा तास ओसरीवर आडवे.

पोहणं ते अकोल्यात एका तलावात शिकले, कंबरेएवढ्या पाण्यात, शाळकरी पोरांबरोबर. दम वाढवायला मात्र वरूडची विहीरच धरली. तीच विहीर. पहिल्या दिवशी पायरीवर पाऊण तास नुसते बसून होते, पाय पाण्यात सोडून. मी घाई केली नाही. शेवटी उतरले. मोजायला मी हवी असा त्यांचा हट्ट होता. "दादाले बसवलं त थो पाच फेऱ्यांत झोपते. अन् दुसऱ्या कोणाले बसवलं त थो माझ्या बाजूनं मोजते. तुमीच पायजे." कडेकडेने एक फेरी म्हणजे पंचवीस मीटर, हे मी दोरी लावून काढलं होतं. शहात्तर फेऱ्या झाल्या की एकोणीसशे. मोजायची पद्धतही माझीच. आकडा डोक्यात ठेवायचा नाही, डोक्यातला आकडा फसवतो. पाच फेऱ्या झाल्या की झाडाखाली गळून पडलेलं एक संत्रं उचलून कठड्यावर ठेवायचं. पंधरा संत्री आणि वर एक फेरी. पावसाळ्यात फळगळ भरपूर, उचलायला वाकलं की हाताशी चार. हिरवी, कडू फळं, वानरंसुद्धा तोंड लावत नसत. भाऊजी नंबरचा गॉगल घालायचे. साध्या गॉगलला स्वतःच्या नंबरच्या काचा त्यांनी दुकानात बसवून घेतल्या होत्या, नाहीतर चष्म्याशिवाय त्यांना समोरची भिंत दिसायची नाही. ते नेहमी डावीकडूनच फिरायचे. मी वरून ओरडायची, "भाऊजी, उलट्या बाजूनंही फिरा, समुद्र काही गोल नाही!" ते हात हलवायचे आणि पुन्हा डावीकडेच.

शर्यतीला ते एकटे गेले. दुकान बंद ठेवायला नको म्हणून मीना थांबली. परत आले ते पदक आणि प्रमाणपत्र घेऊन. मीनाने प्रमाणपत्राला लगेच फ्रेम केली. डिसेंबरात जठारपेठेतल्या दुकानदारांनी एका छोट्या सभागृहात सत्कार ठेवला. शाल, नारळ, दोन भाषणं. भाऊजी बोलायला उभे राहिले आणि विहिरीची गोष्ट सांगितली. विहिरीत शिकल्यामुळे समुद्रातही आपोआप डावीकडे वळत गेलो, होडीतला माणूस दोनदा जवळ येऊन ओरडला, अरे बाबा, किनारा तिकडे आहे. लोक पोट धरून हसले. गोष्ट रंगली होती. इतकी रंगलेली गोष्ट मला आवडत नाही. फ्रेम हातोहात फिरत माझ्यापर्यंत आली. सायकलची वेळ होती. धावण्याची वेळ होती. एकूण वेळ होती. पोहण्याच्या रकान्यात रेघ होती.

मी तिथेच विचारलं. वीस-पंचवीस माणसं होती, तरी विचारलं. "भाऊजी, ही रेघ कशाची?" ते म्हणाले, पायाला वेळ मोजायचा पट्टा असतो, पाण्यात गर्दीत कोणाची तरी लाथ बसली अन् तो सुटून गेला, बाहेर आल्यावर त्यांनी दुसरा बांधला, म्हणून तेवढी वेळ नाही. मी म्हटलं, "पट्टा नेमका पाण्यातच सुटला?" आणि थांबायला हवं होतं तिथे थांबले नाही. "आमच्याकडे कोरा सोडलेला प्रश्न पोराला येत असेलच असं धरून मार्क देत नाहीत." पुन्हा हशा झाला. भाऊजीही हसले, जरा उशिरा. शाल खांद्यावरून काढून त्यांनी घडी घातली, चारही कोपरे जुळवून. परतीच्या वाटेवर यजमान म्हणाले, "गरज होती का?" मी म्हटलं, "खरं असेल तर त्यांना काय फरक पडतो?"

मला खरंच तसं वाटत होतं. जो माणूस पाण्यात डोकावत नव्हता त्याने बाकी दोन्ही गोष्टी केल्या, फक्त पाण्यातल्या गोष्टीचा पुरावा नाही, हे मला खटकणारच. शर्यतीचे फोटो मी मागवून पाहिले. सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या, त्यात कोण कोणता ते ओळखू येत नव्हतं. मनगटावर त्यांचं नेहमीचं साधं घड्याळ, पोहण्याची नोंद न ठेवणारं. विचारायला साक्षीदार नाही. माझा संशय चूक होता असं मी आजही म्हणणार नाही. चारचौघांत बोलले, ती चूक होती.

त्या महिन्यात ते आमच्याकडे आले नाहीत. जानेवारीत फोन आला. "वैनी, रविवारी वरूडले या. मोजाचं हाय." मी गेले. ते मोटरसायकलवर आले होते. आले, हातपाय धुतले, पाणी प्यायले. खिसे काही उलटे केले नाहीत. मी ते पाहिलं. ते म्हणाले, "आज पुरे करतो. तुमच्यासमोर. मंग तुमी सांगाल थे मान्य." कडाक्याची थंडी होती, विहिरीच्या पाण्यावरून वाफ निघत होती. ते उतरले. मी संत्री गोळा करून पदरात घेतली आणि कठड्याशी बसले. पाच झाल्या, एक. दहा झाल्या, दोन. त्यांची लय चांगली होती. खरं सांगायचं तर तोवर मी कोणाला इतकं शांत पोहताना पाहिलं नव्हतं.

कठड्यावर दहाच्या वर संत्री झाली तेव्हा शाळेतून फोन आला. प्रात्यक्षिक परीक्षेच्या नेमणुकांचा गोंधळ. विहिरीपाशी आवाज तुटतो म्हणून मी उठून पंधरा पावलं लांब गेले, पाठ वळवून बोलले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. परत आले तर कठड्यावर एक वानर बसलेलं, ऐटीत, हातातलं संत्रं सोलत. दुसरं झाडावर, दोन्ही गाल फुगलेले. जानेवारीत फळ रंगावर आलेलं असतं. पावसाळ्यातल्या कडू फळांवरची पद्धत मी जशीच्या तशी जानेवारीत वापरली होती. संत्र्याच्या बागेत जन्म गेलेल्या घरातल्या बाईने, वानरांच्या डोळ्यांदेखत, पिकली संत्री मांडून ठेवली होती. कठड्यावर सात उरली होती. साली मोजाव्या तर त्या विहिरीत पडलेल्या.

आकडा डोक्यात ठेवायचा नाही, म्हणून तो डोक्यात नव्हता. सुरुवात सकाळी दहाच्या सुमारास झाली एवढं आठवत होतं. एका फेरीला किती सेकंद लागतात ते दोन फेऱ्या पाहून काढलं, घड्याळ पाहिलं, भागाकार केला. त्यातली एकही संख्या नक्की नव्हती. भाऊजी पायरीशी येऊन थांबले, एक हात दगडावर, वर बघत. "किती, वैनी?"

"त्र्याहत्तर," मी म्हटलं. ठाम आवाजात. चुकलं, फोन आला होता, वानरांनी घोळ केला, असं म्हणायला एक क्षण पुरला असता. नाही म्हटलं. वर्गात एखाद्या पोराने असं मधलं काही न करता उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कठड्याकडे पाहिलं. "ठीक हाय," म्हणाले आणि पुन्हा वळले. तीन फेऱ्या. डावीकडून. वर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. टॉवेल घेताना खांद्याला चिकटलेली संत्र्याची साल त्यांनी काढली आणि कठड्यावर ठेवली. "आता?" त्यांनी विचारलं. आणि मी, आकडा हरवलेली, म्हणाले, "विहिरीतलं झालं. समुद्रातलं समुद्राला माहीत." ते हसले. "थेही खरं हाय," म्हणाले. मग आम्ही भाकरी खाल्ली, ते अकोल्याला गेले, मी अमरावतीला. त्यानंतर आमची भेट नाही...

मागच्या आठवड्यात मीनाने मला दुकानात बोलावलं. काउंटरच्या खणात त्यांची सरावाची वही होती. "ताई, तुम्ही बघा. माझ्याच्यानं होत नाही." मी वही घेतली आणि आधी नेहमीचं केलं. शाई बदलते का, अक्षर घाईचं आहे का, सगळं एका बैठकीत लिहिलेलं तर नाही ना. नव्हतं. तीन-चार पेनं, एका पानावर चहाचा गोल डाग. शर्यतीच्या दिवसाचं पान शोधलं. "पट्टा सुटला. डावीकडे गेलो, होडीवाला ओरडला. बाहेर आलो." बस. हे त्यांचंच अक्षर, त्यांचाच शब्द. स्वतःचा पेपर स्वतः तपासल्यासारखं. माझं समाधान झालं नाही. मी मागची पानं चाळत गेले, आणि एका रविवारवर थांबले. "मूर्तिजापूरपर्यंत सायकल. पोट बिघडलं. गाडीने बडनेरा. वैनींनी झडती घेतली. तिकीट हेल्मेटमध्ये होतं." पुढे कंसात, "सहा पोळ्या खाल्ल्या. लाज वाटली."

मी दुकानात एकटीच मोठ्याने हसले. मीना आतून धावत आली. म्हणजे माझा संशय एकदा तरी बरोबर होता, आणि ते त्यांनी लिहून ठेवलं होतं, कोणी वाचणार नाही अशा वहीत. स्वतःविरुद्ध लिहिणाऱ्याची वही मी खोटी म्हणू शकत नाही.

शेवटून चौथं पान वरूडचं होतं. "विहीर. माझ्या मोजणीने ७६, मग ३, एकूण ७९. वैनी फोनवर होत्या. वानरं. वैनींचा आकडा ७६. तोच धरायचा."

गॉगल नंबरचा होता. पाण्यात साली तरंगत होत्या, दर फेरीला त्यांच्या तोंडावर येत असतील. त्यांनी सगळं पाहिलं होतं. थंडीत कुडकुडत तीन फेऱ्या जास्त मारल्या आणि मला ओशाळं होऊ दिलं नाही. चारचौघांत तर नाहीच, विहिरीवर आम्ही दोघंच असतानाही नाही. मी पर्समधून लाल पेन काढलं. शहात्तर खोडलं, वर एकोणऐंशी लिहिलं आणि शेजारी सही केली. गुण बदलले की बदलणाऱ्याने सही करायची असते.

फ्रेम कुठे आहे, मी विचारलं. मीना म्हणाली, सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती भिंतीवरून काढली, काचांच्या खोक्यांमागे ठेवली, का ते सांगितलं नाही. मला विचारायची गरज नव्हती. आम्ही दोघींनी ती पुसली आणि अक्षरांच्या तक्त्याशेजारी, जुन्याच खिळ्यावर लावली.

दुकान मीनाने चालू ठेवलंय. शनिवारी शाळा सुटली की मी जाते, मदत म्हणून. गेल्या शनिवारी नवा चष्मा घ्यायला एक गृहस्थ आले होते, निवृत्त, वेळ भरपूर असलेले. मीना काचा पुसत होती तोवर ते भिंतीजवळ जाऊन प्रमाणपत्र वाचत राहिले, नाक काचेला लागेल इतके जवळ. मग वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "काहो बाई, बाकी सगळं हाय, पोहण्यापुढं मात्र रेघ. ते पोहलेच नव्हते का?"

मीनाने मान वर केली नाही.

"पोहले होते," मी म्हटलं. "मोजणाऱ्याकडून चुकलं."